खालच्या अंगाचं रान

माझ्या धाकट्या मामाच्या मृत्युपत्रात जेमतेम चार वाक्यं होती. खालच्या अंगाचं रान बहिणीच्या मुलाला. वरच्या अंगाचं रान भावाच्या मुलांना. बँकेत आहे ते दोन्हीकडं निम्मं निम्मं. माझ्यामागं कुणी भांडू नये. हे शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. आम्ही भांडणार हे त्यालाही माहीत होतं आणि त्याच्या सगळ्या लासुर्णे गावालाही.

बहिणीचा मुलगा म्हणजे मी. भावाची मुलं म्हणजे माझे दोघे मामेभाऊ. थोरल्याला सगळा गाव तात्या म्हणतो, मीही म्हणतो. धाकटा त्याच्या मागे उभा राहतो आणि मान हलवतो. मामाला बायको नव्हती, पोर नव्हतं. कालव्याच्या भरावाला लागून त्याचं दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या दोन बाजूंना त्याची दोन रानं. उगवतीला कालव्याच्या खाली उसाचा मळा, काळी जमीन, मधोमध विहीर. कालव्याचा पाझर त्या विहिरीला येतो, त्यामुळे उन्हाळ्यातही तिचा तळ कुणी पाहिलेला नाही. मावळतीला कालव्याच्या वर माळ. तिथे मुरूम, कुसळ आणि तरवडाची झुडपं. कालव्याच्या वर पाणी चढत नाही, म्हणून माळ तसाच राहिलेला.

बँकेतल्या पैशावर कुणी भांडलं नाही. पैशाला वर-खाली नसतं. भांडण पेटलं ते रानाचं. खालचं रान म्हणजे कालव्याखालचा मळा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे मळा मला आणि माळ मामेभावांना. मृत्युपत्र वाचलं तेव्हा तात्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला कायतरी पाजलंय ह्यानं."

मी म्हणालो, "तात्या, तुझ्या उंबऱ्यात तो कधी पाणी तरी प्याला व्हता का? मग दुसऱ्यानं पाजलं तर तुझं का पोट दुखतंय?"

तिथून पुढे आम्ही इंदापूरच्या कोर्टातच बोललो, तेही वकिलांच्या तोंडून.

मला तो मळा का हवा होता, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. माझे आजोबा वारले तेव्हा मी लहान होतो. बाराव्यानंतर थोरला मामा आईला घेऊन तहसील कचेरीत गेला, मीही आईचं बोट धरून गेलो होतो. तिथे एका बाकावर तिला बसवलं, कागद पुढे केला, आणि तिने अंगठा उठवला. हक्कसोडपत्र. परतताना तिला एक हिरवं लुगडं घेतलं आणि मला शेवेची पुडी. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय दिलं?" आईने लुगडं दाखवलं.  आमच्या गावी, वरकुट्याला, रानात तेव्हा बाजरी यायची ती पाऊस असला तर. मी शाळा सोडून बाजारात उभा राहिलो. आधी शेळ्या-मेंढ्यांची दलाली केली, मग जुन्या मोटारी, मग जुने ट्रॅक्टर. आज बारामतीत भिगवण रस्त्याला माझं जुन्या ट्रॅक्टरचं आवार आहे. कुणाच्या एका रुपयाशिवाय उभं केलेलं आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही, रागाने सांगतो. ज्या घरात माझ्या आईचा हक्क होता त्या घरातून आम्हाला शेवेची पुडी मिळाली. ती मी अजून गिळलेली नाही.

म्हणून मृत्युपत्रात 'बहिणीच्या मुलाला' हे शब्द ऐकले तेव्हा मला मळ्याआधी तो बाक दिसला. वाटलं, त्या घरात एक माणूस तरी निघाला ज्याला तो अंगठा आठवत होता.

धाकटा मामा एकलकोंडा होता असं लोक म्हणतात. मी म्हणेन, तो रुसलेला होता. आमचं आजोळ मूळचं मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की कळप घेऊन घरदार निघायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. थोरला मामा लवकर साखर कारखान्यात चिकटला, तो कळपामागे कधी फारसा गेला नाही. धाकटा मात्र जाणता झाल्यापासून मेंढरांतच. पुढे ऊस आला, उसाला पैसा आला, आणि थोरल्याने एके दिवशी सगळा कळप विकला. धाकटा बाजाराला गेला होता. परत आला तर वाघर रिकामी. जाळीच्या त्या कुंपणात एक शेपूटही हलत नव्हतं, असं आई सांगते. त्या दिवसानंतर तो भावाशी बोलला नाही. मग वाटणी झाली आणि तो कालव्याच्या घरात राहायला गेला. पुढे रस्त्यात थोडी जमीन गेली, तिचा मोबदला आला. मळ्यात ऊस दर वर्षी कारखान्याला जात होता. तो सगळा पैसा बँकेत पडून राहिला आणि मामा त्याच एका घोंगड्यात राहिला. लोक म्हणायचे, त्याच्या चुलीखाली सोनं पुरलेलं आहे. तो वारल्यावर तात्याने ती चूल उकरलीही. राख निघाली.

माझा आणि त्याचा संबंध सौद्यापुरता. एकदा तो बारामतीला माझ्या आवारात आला. कुणाला काही न विचारता एका जुन्या टायरवर बसला आणि एका निळ्या ट्रॅक्टरकडे पाहत राहिला. मी भाव सांगितला. तो गप्प. मला वाटलं, जास्त वाटला असेल. मी थोडा उतरवला. गप्प. मी ट्रॅक्टरची तारीफ केली, इंजिन सुरू करून दाखवलं, पुन्हा उतरवला. त्याने घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, बस. बाजारात मी भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस, पण त्या दिवशी मीच घामाघूम झालो. शेवटी माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "घ्यायचा तर घ्या मामा, न्हायतर उठा! गिऱ्हाईक खोळंबलंय."

तो शांतपणे म्हणाला, "तूच बोलतुयास, तूच कमी करतुयास. मी काय म्हनलो का तुला?"

शेवटच्या भावाला ट्रॅक्टर नेला. भाचा म्हणून वर एक नारळही ठेवला नाही. मी स्वतः ट्रॅक्टर पोचवायला लासुर्ण्यापर्यंत गेलो. तो मागे मडगार्डवर बसला होता. कालव्यावर आलो तेव्हा त्याने फक्त एवढंच म्हटलं, "वरच्या रानात घे." मी ट्रॅक्टर माळावर चढवला. मुरमात उभा केला. मामा उतरला, माळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता चालत मळ्याकडे निघून गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा बेत बदलला. मी शिव्या घालत ट्रॅक्टर वळवला आणि मळ्यात नेऊन लावला.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं लोकांना हसण्यासाठी सांगायचो. तिच्यात काही शिकण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही.

कोर्टात मामेभावांचं म्हणणं असं होतं की वाटणी तोंडी होती, कागदावर झालीच नव्हती. रान एकत्र कुटुंबाचं, म्हणून धाकट्याला मृत्युपत्र करायचा अधिकारच नव्हता. आणि वर, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मृत्युपत्रावर गावातल्या डॉक्टरची आणि शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींची सही होती. मामेभावांच्या वकिलाने गुरुजींना विचारलं, "गट नंबर का घातले नाहीत?" गुरुजी म्हणाले, "मी म्हणालो होतो, घाला. ते म्हणाले, नंबर सरकारनं घातलेत, रान आमी ठेवलेल्या नावानं वळखतं."

सगळं कोर्ट हसलं. मी तर मोठ्याने हसलो, आणि न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं.

तारखांवर तारखा पडत होत्या. आई तेव्हा माझ्याकडे बारामतीतच होती. तिला खटल्याचं काही विचारलं तर ती म्हणायची, "तुमचं तुमी बघा." एका दुपारी मी फोनवर वकिलाशी बोलत होतो आणि ती माझ्या बायकोजवळ बसून शेंगा फोडत होती. बायकोने कशावरून तरी विचारलं असेल, आई तिच्या लहानपणाचं सांगत होती. माझा एक कान तिकडे होता.

"दिवाळी झाली की आमी खाली जायचो. म्हातारी, पोरं, कोंबड्या, समदं घोड्यावर. खाली लई हिरवं. भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, मालक भात द्यायचा. मग उन्हाळा सरला की वर यायचं."

बायको म्हणाली, "खाली म्हंजे नदीकडं?"

"नदीकडं कशाला जातीया? खाली म्हंजे कोकणात. मेंढक्याला आणि कुठलं खाली असतंय?"

मी फोन कानावरून काढला. वकील पलीकडे 'हॅलो, हॅलो' करत होता. मी तो बंद केला आणि आईसमोर जाऊन बसलो. मला आठवतं, मी मुद्दाम सावकाश विचारलं. रागात विचारलं असतं तर ती गप्प बसली असती.

"आई, धाकला मामा कालव्यावरच्या घरात बसून 'खालच्या अंगाला' म्हनला, तर कुनीकडं?"

तिने वर पाहिलंही नाही. शेंग धरलेला हात मावळतीकडे केला. "तिकडं. वाघर असायची न्हाय का माळावर. निघायच्या आदल्या दिवशी मेंढरं तितंच आणायची. खालच्या अंगाला."

"आणि वरच्या अंगाला?"

"वर म्हंजे देशाकडं. उगवतीला." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "का रं? त्वांड का असं झालं?"

मी उठून आवारात गेलो आणि एका गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसलो. माझ्या डोळ्यांसमोर तो निळा ट्रॅक्टर मुरमात उभा होता. वरच्या रानात घे. तो मळ्याविषयी बोलत होता. आयुष्यभर त्याच्या तोंडात दिशा होत्या त्या कळपाच्या. कालवा इंग्रजांनी खोदला, गावाने आपलं वर आणि खाली कालव्यावरून मोजायला सुरुवात केली, पण मामाने आपलं वर-खाली बदललं नाही. त्याचा उतार सह्याद्रीचा होता.

म्हणजे त्याने मळा दिला होता मामेभावांना आणि माळ मला. आणि आम्ही दोन्ही बाजूंनी त्याच एका चुकीवर भांडत होतो. मामेभाऊ ज्या कागदाला खोटा ठरवायला वकील लावत होते, तोच कागद त्यांना मळा देत होता. आणि मी ज्या कागदासाठी इंदापूरच्या खेपा घालत होतो, तो मला कुसळं देत होता.

दोन दिवस आवारात कसेबसे काढले. मग एकटाच लासुर्ण्याला गेलो आणि माळावर उभा राहिलो. मी मामावर भयंकर चिडलो होतो. मेलेल्या माणसावर चिडण्यात एक अडचण असते, तो उलटून काही बोलत नाही. आणि हा तर जिवंतपणीही बोलत नव्हता. माझ्या मनात आलं, हाही त्याच घरातला. बहिणीच्या वाट्याला जे नको ते. लुगडं, शेव, आणि आता मुरूम.

पण तिथे थोडा वेळ थांबल्यावर दुसरंही मनात येत राहिलं. त्याने आपल्या भावाच्या मुलांना ऊस दिला. ज्या उसासाठी त्याचा कळप विकला गेला तो ऊस. आणि जिथून तो दर वर्षी निघायचा, ती जागा त्याने माझ्या आईच्या अंगाला दिली. त्याच्या मापाने कुठलं रान भारी होतं? मी भाव ठरवून जगणारा माणूस. एका वस्तूचा भाव दोन माणसांना वेगळा असतो, त्यावरच माझी रोजीरोटी आहे. तरीही माझ्या मामाने कुठल्या भावाने माप घातलं, हे मला ठरवता येईना. आजही येत नाही. काही दिवस वाटतं त्याने मला मान दिला, काही दिवस वाटतं फसवलं. ट्रॅक्टर घेताना जसा गप्प बसला तसाच तो मरतानाही गप्प बसला, आणि मी एकटाच बोलतो आहे.

वकिलाला मी आडून विचारलं. "साहेब, एखादा शब्द माणसानं वेगळ्या अर्थानं वापरला असंल तर?" तो म्हणाला, "शेठ, शब्दाचा अर्थ गावात जो चालतो तोच कोर्टात चालतो, दुसरं कुणी पुराव्यानिशी सांगेपर्यंत. दुसरं कुणी सांगतंय का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग तुम्ही कशाला डोकं लावताय?"

सांगणार कोण होतं? थोरला मामा केव्हाच गेलेला. मामेभाऊ उसातच वाढलेले. मेंढरू त्यांनी पाहिलेलं ते ताटात. राहिली एकटी आई.

त्यानंतर लवकरच मामेभाऊ माझ्या आवारात आले. कोर्टानेच मध्यस्थीचं सुचवलं होतं आणि त्यांनाही खेपांचा कंटाळा आला होता. तात्या खुर्चीवर बसला. धाकटा उभा राहिला.

तात्या म्हणाला, "शेठ, किती दिवस वकिलांची घरं बांधायची? तोडा एकदा. म्हातारा गेल्यापासनं मळा आमी कसतोय, आदी आमच्या बापानं तितं घाम गाळलाय. तू माळ घे. रस्त्याला लागून हाय, पुढंमागं तितं आवार घालशील."

हा खरा वाटा होता. मृत्युपत्रात होता तोच, अक्षरशः. मी हो म्हटलं असतं तर मामाचा शब्द जसाच्या तसा पाळला गेला असता आणि मी काहीच सोडलं नसतं. पण तात्याला वाटत होतं की तो माझ्याकडून मळा काढून घेतो आहे. मी गप्प बसलो. हे गप्प बसणं मी कुणाकडून शिकलो ते वेगळं सांगायला नको.

तात्या थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "बरं, माळाला तार आमी मारून देतो."

मी टायरकडे पाहत राहिलो.

"आरं बोल की कायतरी. दगडासंगं बोलतुय का मी?"

धाकटा पहिल्यांदाच बोलला, "तात्या, ह्यो म्हाताऱ्यावर गेलाय."

"गप रं तू. हे बघ शेठ, पाणी देतो. मळ्यातल्या विहिरीवरनं आठवड्याला एक पाळी. पाइप कालव्याखालनं काढायचा खर्च आमचा. आता ह्याच्या पुढं गेलास तर मी उठलो."

तेव्हा मी बोललो. "माळ आणि पाळी आईच्या नावावर. सातबाऱ्यावर तिचं नाव, माझं न्हाय. आणि कोर्टात लिहून द्यायचं की वाटणी झालेली व्हती, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर व्हतं, आणि मृत्युपत्र खरं हाय."

तात्याला शेवटची अट कळलीच नाही. "मळा मिळतोय, तर खरं म्हनायला काय जातंय?" तो म्हणाला. तडजोडीचा हुकूमनामा झाला. मळा त्यांचा, माळ आईचा, विहिरीतली पाळी आईची.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं, शब्दाच्या अर्थासकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तू त्येंचंच त्येंना इकलंस."

"व्हय. आणि त्येंनी पाणी देऊन घेतलं."

"सांग त्येंना."

"का सांगू? तुला कुनी सांगितलं व्हतं का त्या बाकावर, की बाई, निम्मं तुझं हाय, मग अंगठा उठव?"

ती जपमाळ ओढत राहिली. आमच्यात बरेच दिवस जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. मी काही चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. तिच्या हक्काच्या बदल्यात आठवड्याची एक पाळी म्हणजे काहीच नाही. हे छापून आलं आणि तात्याने वाचलं तरी मी हेच म्हणेन. अर्थात त्याला ते छापून यायच्या आधीच कळलं.

पाइपलाइन झाली आणि तात्याच्या बायकोने निरोप धाडला, आत्याबाईंची ओटी भरायची आहे, जेवायलाच या. आई कित्येक वर्षांनी माहेरच्या जेवणाला निघाली. पुरणपोळीचं जेवण झालं. ओटी भरली. मग सगळी जणं मळ्याच्या बांधावर खुर्च्या टाकून बसली. तात्या आईला विचारत होता, "आत्या, माळावर काय लावायचं म्हनतीस?"

आई म्हणाली, "लावतीया कशाला? खालच्या अंगाला तुझ्या धाकल्या चुलत्याचं समदं मन हुतं. तितं दोन मेंढरं बांधीन."

"खालच्या अंगाला न्हाय आत्या, वरच्या. माळ वर हाय."

"तुझ्या लेखी वर. आमच्या लेखी कोकण खाली."

मी आईकडे पाहिलं. ती शांतपणे पदरातली सुपारी शोधत होती. ती चुकून बोलली की ठरवून, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तात्याची बायको हुशार. तिच्या लक्षात आधी आलं. तिने तात्याच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "आवो, मंग मृत्युपत्रात..."

तात्या हळूहळू माझ्याकडे वळला. "म्हंजे आमी कोर्टात आमच्याच विरुद्ध भांडत हुतो?"

धाकटा खो-खो हसायला लागला. तात्याने त्याला एक शिवी दिली आणि तो गप्प झाला, पण त्याचे खांदे हलतच होते.

"आणि तुला ठावं हुतं." तात्या उभा राहिला. "तुला ठावं हुतं, आणि तू तितं बसून माझ्याकडनं पाणी काढलंस!"

मीही उभा राहिलो. "काढलं. कागद झालाय. जा, तोड."

"कागदावर पाणी वाहतंय व्हय रं? मोटर माझ्या रानात, व्हॉल माझ्या रानात. बघतो कोन चालू करतंय!"

"तात्या, मी तुला कोर्टात पुन्हा..."

"ये की! ये कोर्टात! सांग तितं खाली कुठं अन् वर कुठं!"

आम्ही दोघेही इतके जवळ आलो होतो की त्याच्या तोंडाला पुरणाचा वास मला येत होता. बांधावरचे गडी काम थांबवून बघत होते. आणि आई बसल्या जागेवरून म्हणाली, "आरं तात्या, पाळी कुनाच्या नावावर हाय?"

तात्या तिच्याकडे पाहायला लागला.

"माझ्या नावावर हाय का ह्याच्या? ह्याच्या न्हाय. माझं पाणी तू तोडनार? आत्ताच माझी वटी भरली तुझ्या बायकूनं."

तात्याचे कान लाल झाले होते. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाजारात तशा नजरेनंतर हात उठतो. मग तो वळला, मळ्यात उतरला, विहिरीकडे गेला. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. पलीकडे माळावर पाइपाच्या तोंडातून आधी वारा आला, मग माती, मग पाणी. बारीक होतं. व्हॉल त्याने अर्धाच उघडला होता. मी म्हणालो, "पूर्ण उघड म्हनावं." आई म्हणाली, "बस झालं, बस खाली."

परतताना गाडी मीच चालवत होतो. वकील, तारखा, गप्प बसणं, या सगळ्यातून मी जे पाणी काढलं होतं ते तात्या एका घटकेत तोडायला निघाला होता, आणि तिने एका वाक्यात ते सुरू करायला लावलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. जंक्शन गावाच्या फाट्याजवळ मी गाडीचा वेग कमी केला आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं.

"आई, असं बोलता येतंय तुला. मग त्या दिवशी कचेरीत का न्हाय बोललीस? एक शब्द. माझा वाटा कुठाय, एवढंच."

ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती.

"तवा समोर भाऊ हुता," ती म्हणाली. "भावाकडं कुनी मागतं व्हय? भाच्याला दटावता येतंय."

मी गाडी पुन्हा वेगात घेतली. मला ते अजूनही पटलेलं नाही. माळावर आता दोन मेंढ्या आहेत, आणि पाळीच्या दिवशी तात्या व्हॉल अजून अर्धाच उघडतो. मी दर वेळी फोन करतो, दर वेळी आमचं वाजतं, आणि दर वेळी तो शेवटी विचारतो, "आत्या बरी हाय का?"